खो कधी द्यायचा : बालाघाटच्या पट्ट्यातील एका शालेय खो-खो संघाचे प्रकरण

तालुक्याचा अंतिम सामना. शेवटची पाळी, तीन मिनिटे शिल्लक, तीन गडी बाद झाले की सामना आपला. पाठलागावर संघातली सर्वांत वेगवान मुलगी होती. समोरची धावक तिच्या हाताच्या टप्प्यात आली आणि ऐन वेळी तिसऱ्या-चौथ्या चौकोनामधून मध्यपाटी ओलांडून पलीकडे निसटली. चौथ्या चौकोनातली मुलगी नेमकी त्याच बाजूला तोंड करून बसली होती. पाठीवर हात आणि ‘खो’, एवढेच हवे होते. ते आले नाही. वेगवान मुलगी तशीच खांबापर्यंत धावली, वळसा घालून पलीकडच्या बाजूने परत आली. तोवर धावक पुन्हा अलीकडे. पुढच्या फेरीतही तेच झाले. तिसऱ्या वेळी चौथीला वाटले, आता तरी खो येणारच, आणि ती खो मिळण्याआधी उठली. शिटी वाजली, आक्रमण उलट दिशेला वळवावे लागले. वेळ संपली तेव्हा तिघींपैकी एकच गडी बाद झाला होता.

परतीच्या टेम्पोत वेगवान मुलीला कुणी काही बोलले नाही. सगळा राग चौथीवर निघाला. ‘तू कामून उठलीस गं आधी?’ ती बंजारा तांड्यावरची. दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या चारही मुली सरावाला आल्या नाहीत.

सतरा वर्षांखालील मुलींच्या या संघाची शाळा बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरच्या बालाघाटच्या डोंगराळ भागात आहे असे धरू. हा एकाच शाळेचा अहवाल नव्हे. या पट्ट्यातल्या शाळांमधून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका संघाच्या एका हंगामावर मांडल्या आहेत, म्हणून गावाचे, शाळेचे किंवा मुलींचे नाव इथे नाही. सोयीसाठी वेगवान मुलीला ‘पुढची’ म्हणू आणि चौथ्या चौकोनातलीला ‘चौथी’.

प्रश्न असा : सांघिक खेळाने मुले सहकार्य शिकतात, असे प्रत्येक क्रीडा महोत्सवाच्या फलकावर लिहिलेले असते. ही बाराजणींची टोळी दोन वर्षे रोज एकत्र खेळत होती. मग त्या काय शिकल्या होत्या?

एकवीस मीटरचा हिशोब

खो-खोचे मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचे मुक्त क्षेत्र सोडले की खांबापासून खांबापर्यंत २४ मीटरची मध्यपाटी उरते. आठ आडव्या पाट्या तिला छेदतात तिथे आठ चौकोन, प्रत्येकात एक मुलगी, शेजारच्या दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना. पाठलाग करणारीला मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जाऊनच वळायचे. धावकाला मात्र कुठल्याही दोन चौकोनांमधून इकडून तिकडे जायची मुभा.

आता त्या क्षणाचा हिशोब करा. खांब ते पहिली आडवी पाटी २.५५ मीटर, पाट्यांमधले अंतर २.३० मीटर, प्रत्येक पाटीची रुंदी ३५ सेंटिमीटर. म्हणजे खांब ते चौथी पाटी बरोबर साडेदहा मीटर. जाऊन-येऊन एकवीस. चपळ मुलीलाही वळणासकट चार-पाच सेकंद लागतात, आणि धावकाला परत निसटायला दोन पावले पुरतात. खो दिला असता तर अंतर शून्य होते, कारण चौथी तिथेच होती, योग्य बाजूला तोंड करून.

वेगाने हा खेळ जिंकता येत नाही, हे मैदानाच्या आखणीतच लिहिलेले आहे. पाठलाग योग्य वेळी सोडावा लागतो, तो दुसरीच्या पायांवर सोपवावा लागतो. आणि बसलेल्या आठजणींना, आपल्या पाठीमागे काय चालले आहे ते अर्धवट दिसत असताना, उठायच्या तयारीत पण न उठता बसून राहावे लागते. पायाचा चवडा टेकलेला, बोटे जमिनीला, मान वळलेली, शरीराचा भार पुढे. ही बैठक पाळीची नऊ मिनिटे टिकवणे धावण्याइतकेच दमवणारे असते, आणि तिचे कौतुक कुणीच करत नाही.

या संघातही करत नव्हते. क्रीडाशिक्षक मेहनती होते, रोज सकाळी मुलींच्या आधी मैदानावर यायचे. पण त्यांच्या वहीत एकच रकाना होता : कुणी किती गडी बाद केले. आक्रमणाची सुरुवात नेहमी पुढची करणार, खांबाजवळच्या जागा गावातल्या मुलींच्या, मधले चौकोन तांड्यावरच्यांचे. ही वाटणी कुणी ठरवून केली नव्हती. ज्या बरोबर चालत येतात त्या शेजारी बसतात, तेच कायम झाले. राखीव तिघी पाणी आणायच्या. फाउल झाला की मैदानाबाहेरून ओरडा बसायचा, आणि तो बहुतेक वेळा उठणारीला, कारण लवकर उठणे शिटीने कळते. उशिरा दिलेल्या खोला शिटी नसते.

म्हणजे दोन वर्षांत मुली व्यवस्थित शिकल्या होत्या. गडी मारणारीला मान आहे, बसणारीला नाही. चूक दिसली तर ओरडा आहे, चूक दिसली नाही तर ती चूकच नाही. चौथीचे लवकर उठणे आणि पुढचीचे खो न देणे या एकाच रोगाच्या दोन खुणा होत्या. टेम्पोत जे झाले ते सामन्यातून आले नव्हते, ते सरावाच्या मैदानावर रोज शिकवले जात होते.

शिक्षकांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. या भागात खो-खोची मोठी परंपरा आहे आणि तिचे ओझेही आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये भारतीय महिलांनी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे यांचे मूळ गाव केज तालुक्यातले. आपल्या शाळेतूनही एक सारिका निघावी, असे कोणत्या क्रीडाशिक्षकाला वाटणार नाही? दहावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले पाच टक्के आरक्षण यामुळे पालकांचे डोळेही त्याच एकीवर असतात. पण बाराजणींच्या संघात अकराजणी राज्यापर्यंत जाणार नसतात. त्या अकराजणींच्या हाती काय उरते, याचा विचार सरावाच्या वहीत असायला हवा.

वहीतले रकाने बदलले

चौघी न आल्याच्या तिसऱ्या दिवशी शिक्षक तांड्यावर गेले. समजूत काढायला म्हणून गेले खरे, पण तिथे त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो उपयोगी ठरला : ‘त्या वेळी तुला काय दिसत होतं?’ चौथीने सांगितले. गडी माझ्या समोर आली होती, पुढची माझ्या पाठीमागून गेली, मी दोनदा वाट पाहिली, तिसऱ्यांदा ऱ्हावलं न्हाई. तोपर्यंत कुणीच तिला हे विचारले नव्हते. शिक्षकांनाही त्या दोन हुकलेल्या खोंची आठवण नव्हती.

पुढच्या सोमवारपासून सरावात एक पाटी आली. शाळेतली साधी काळी पाटी, चार रकाने : गडी, वेळेवर खो, उशिरा खो, आधी उठली. ‘उशिरा’ म्हणजे काय, हे नेमके ठरवावे लागले, नाहीतर रोज भांडण. व्याख्या अशी : धावकाने मध्यपाटी ओलांडली आणि त्यानंतर पाठलाग करणारी योग्य बाजूला तोंड असलेल्या एका तरी मुलीला ओलांडून पुढे गेली, तर तो खो उशिरा. हे डोळ्यांनी दिसते, मोजता येते, त्यात कुणाच्या स्वभावावर बोट येत नाही. गडी बाद झाला की पकडणारीच्या नावापुढे एक रेघ, आणि तिला शेवटचा खो देणारीच्या नावापुढेही एक रेघ.

पाटी धरायची ती राखीव मुलींनी. एकीकडे घड्याळ, एकीकडे पाटी, तिसरीकडे फक्कीचा डबा. पाणी ज्याने-त्याने आपले आणायचे.

फक्कीचा डबा ही लहान बाब वाटेल, पण काळ्या मातीच्या मैदानावर ती लहान नाही. पावसाळ्यात ही माती पायाला चिकटते, उन्हाने भेगाळते, आणि दहा मिनिटांच्या खेळात चौकोनांच्या रेषा पुसून जातात. रेषा गेल्या की कोण कुठे बसली होती, पाय पाटीवर होता की बाहेर, यावर वाद पेटतात आणि ते वाद प्रामाणिकपणाचे वाटतात, खरे तर रेषांचे असतात. वरचा चार-सहा इंचांचा थर काढून चाळलेला मुरूम आणि तांबडी माती टाकणे, आदल्या संध्याकाळी हलके पाणी मारणे, खडे वेचणे, ही कामे हंगामाआधी झाली तर निम्मे वाद होतच नाहीत. काटकोन पक्का करायला तीन-चार-पाचची दोरी : खांबापाशी एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार मीटर, तिरके अंतर पाच भरले की कोपरा बरोबर. भाजलेला चुना रेषांना वापरू नये, ओल्या त्वचेला आणि डोळ्यांना तो भाजतो. फक्कीच बरी. खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर, गुळगुळीत, खालचा भाग किमान दीड-दोन फूट पुरलेला. खांबावर सूर मारणाऱ्या मुलीचा सगळा भार त्यावर येतो.

एका सरावाला सत्तर मिनिटे, सकाळी सात ते आठ दहा. दहा मिनिटे अंग गरम करणे. पंधरा मिनिटे फक्त खो घेणे-देणे : जोड्या करून, एक बसलेली, एक मागून येणारी, हात आणि आवाज एकाच वेळी. आवाज आधी गेला, हात मागून आला तर फाउल, आणि सामन्यातले बरेचसे फाउल याच अर्ध्या सेकंदातले असतात. दहा मिनिटे खांबाचे वळण. मग नऊ-नऊ मिनिटांच्या दोन पाळ्या, पाटीसह. उरलेल्या वेळात बोलणे आणि अंग सैल करणे. दोन पाळ्यांत चौकोन बदलायचे. आज खांबापाशी बसलेली उद्या मध्ये. पाठलागाची सुरुवात चिठ्ठीने.

बिघडले कुठे कुठे

पहिल्या आठवड्यात रेघांचा भाव वाढला आणि खेळाचा पडला. मुली खो देण्याची घाई करू लागल्या. धावक दोन्ही पाय रोवून उभी, तिच्यावर दाब आलेला नाही, तरी खो, खो, खो. मोजायचे म्हटले की माणूस मोजण्यासाठी काम करतो. उपाय सोपा होता : धावकाने मध्यपाटी ओलांडल्यानंतरचा खोच पाटीवर येईल, बाकीचे नाही. चार दिवसांत घाई ओसरली.

दुसरा बिघाड जास्त खोल होता. पाटी धरणारी आपल्या मैत्रिणीचा उशिरा खो लिहायचीच नाही. विचारले की ‘मला दिसलं न्हाई सर.’ इथे शिक्षकांनी उपदेश केला नाही, हे आम्हाला सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी पाट्या दोन केल्या. एक गावातल्या मुलीकडे, एक तांड्यावरच्या मुलीकडे. दोघी मैदानाच्या समोरासमोरच्या बाजूंना. पाळी संपली की पाट्या शेजारी ठेवायच्या, आकडे जुळले नाहीत तर दोघींनी मिळून सांगायचे कोणता खो कुणाला कसा दिसला. पहिले दोन दिवस आकडे अजिबात जुळले नाहीत. नंतर जुळू लागले. कारण, दुसरी पाटी आहे म्हटल्यावर डोळे उघडे राहतात.

तिसरी अडचण घरून आली. पुढचीचे वडील शाळेत आले. ‘माझ्या पोरीला मागं ओढताय तुम्ही. ती जिल्ह्याला खेळंल, तिचं नुकसान कामून करता?’ पुढची आठ दिवस आली नाही. संघाच्या दृष्टीने हे आठ दिवस महत्त्वाचे ठरले, कारण आपल्याला तिच्याशिवायही गडी बाद करता येतो, हे इतरांना पहिल्यांदा कळले. तिच्या दृष्टीने मात्र ते वाईट होते. ती परतली तेव्हा शिक्षकांनी तिला दोन दिवस खेळवले नाही, शिक्षा म्हणूनही ठेवले नाही : हातात घड्याळ दिले आणि सांगितले, धावक पलीकडे गेल्यापासून खो पडेपर्यंत किती सेकंद जातात ते मोज. आपल्या पायांनी कापलेले अंतर धावताना जाणवत नाही, बाहेरून घड्याळावर दिसते. त्यानंतर खांबाचे वळण लहान मुलींना शिकवण्याचे काम तिच्याकडे आले. त्यात ती खरोखर तरबेज होती, आणि तिचा मान गडी मारण्यापलीकडे कशात तरी आहे हे तिला दिसले.

ती बदलली का? सरावात, साधारण सहा आठवड्यांत, हो. पण नंतरच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात शेवटची दोन मिनिटे उरली आणि तिने पुन्हा खांबाचा वळसा घेतला. दाब आला की जुनी सवय वर येते. सराव सामन्यात जाणूनबुजून दाब आणला नाही, म्हणजे ‘दोन मिनिटे, दोन गडी’ अशी परिस्थिती रोज उभी केली नाही, तर सरावातला समजूतदारपणा सरावातच राहतो. ही त्रुटी शिक्षकांना उशिरा कळली.

सरावानंतरच्या बोलण्याबद्दल थोडे जास्त लिहायला हवे. बहुतेक शाळांत ती दहा मिनिटे म्हणजे नऊ मिनिटे सरांचे भाषण आणि एक मिनिट ‘कळलं का?’ असते. इथे क्रम ठरवला : आधी पाटी धरणाऱ्या, मग त्या दिवशी सर्वांत कमी खो मिळालेली, मग बाकीच्या, शेवटी कर्णधार, आणि त्यानंतर सर. सरांनी दोनच प्रश्न विचारायचे. कोणता खो उशिरा झाला? तेव्हा तुला काय दिसत होतं? ‘कुणामुळे’ हा शब्द वर्ज्य. सुरुवातीला शांतता असायची, पाय मातीत घोळवत मुली खाली बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात चौथी म्हणाली, आज दोनदा मी आधी उठले, एकदा माझीच घाई, एकदा पाठीमागनं आवाज आला तो दुसऱ्या चौकोनातला व्हता. ही दोन कारणे वेगवेगळी आहेत हे सांगता येणे म्हणजेच शिकणे. दुसऱ्या कारणावर उपायही लगेच निघाला : खो देणारीने बसणारीच्या पाठीवरच ओरडायचे, धावता-धावता लांबून नाही.

दमणूक हा वेगळा विषय, पण इथेच सांगायला हवा. दोन मुली प्रत्येक पाळीत सहाव्या मिनिटाला ढिल्या पडायच्या, आणि ‘आळशी’ हा शिक्का त्यांच्यावर बसला होता. सकाळी रिकाम्या पोटी यायच्या. शाळेतले मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच मिळते, नववी-दहावीच्या मुलींना डबा नसला तर संध्याकाळपर्यंत काही नाही. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा सरावाआधी, अर्धी भाकरी नंतर, एवढे ठरवल्यावर फरक पडला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घेतली जाते की नाही, तेही पाहिले गेले. एकीला तरीही धाप लागत होती, तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवले. फाटलेला गुडघा साबण-पाण्याने धुवायचा, माती किंवा हळद भरायची नाही, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले आहे का ते विचारायचे. मासिक पाळीच्या दिवसांत खेळायचे की नाही हे त्या मुलीने ठरवायचे, आणि तिने मैदानाबाहेर बसायचे ठरवले तर कारण विचारायचे नाही, पाटी द्यायची. दुखणे लपवले की संघात जागा टिकते, हाही खेळातून शिकला जाणारा धडा आहे. तो मोडायचा असेल तर दुखते म्हणणारीची जागा दुसऱ्या दिवशी शाबूत दिसली पाहिजे.

मैदानाबाहेर काय गेले

गाव आणि तांडा यांचे काय झाले, हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग. एका संघात खेळल्याने भेद मिटतात, असे म्हणणे सोपे आहे. अभ्यास थोडे वेगळे सांगतात. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या बाराशेहून अधिक तरुणांना घेऊन क्रिकेटच्या लीग खेळवल्या, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. दुसऱ्या जातीचे खेळाडू आपल्याच संघात असतील तर मैत्री वाढली, समोरच्या संघात असतील तर तसे झाले नाही. सल्मा मूसा यांनी इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चनांच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मैदानावरचे वागणे बदललेले दिसले, सहा महिन्यांनंतरही एकत्र सराव चालू होता. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांमध्ये मिसळण्याच्या बाबतीत फारसा बदल नव्हता.

या संघातही चित्र असेच होते. मैदानावर चौकोन बदलल्यावर, पाट्या जुळवायला लागल्यावर, बोलणे वाढले. तांड्यावरच्या गोरमाटी बोलीतले दोन-चार शब्द गावातल्या मुली हाकेसाठी वापरू लागल्या. समोरच्या संघाला कळत नाही म्हणून ते सोयीचेही होते. पण वर्गात बाक पूर्वीसारखेच राहिले. विज्ञानाच्या गटप्रकल्पात गटही पूर्वीसारखेच झाले, आणि पुढची तिथे सगळे स्वतःच लिहून काढू लागली, अगदी मैदानावर पूर्वी करायची तशी. मैदानावरचा धडा आपल्या पायांनी वर्गात चालत जात नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेने मैदानावर येऊन एकदा पाटीची पद्धत पाहिली आणि प्रकल्पात ‘कुणी काय केले, कुणी कुणाकडे सोपवले’ असे दोन रकाने घातले, तेव्हा कुठे मुलींनी स्वतःहून म्हटले, ‘हे तर खोसारखंच हाय.’ जोड मोठ्यांनी घालून द्यावी लागते.

परीक्षेचे गुण वाढले नाहीत. दोघींचे थोडे कमीच झाले, सकाळचा अभ्यासाचा वेळ गेला म्हणून. पालकांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे. खेळाने गणित सुधारते असे आश्वासन देऊन मुली मैदानावर आणल्या तर पहिल्या चाचणीनंतर त्या परत जातात.

दसरा-दिवाळीनंतर

इथल्या कोणत्याही संघाचा खरा प्रतिस्पर्धी ऊसतोड असते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, जिल्ह्याचे सामने सोयाबीनच्या काढणीत येतात, कापूस वेचणीत मुलींची हजेरी तुटते, आणि दसरा-दिवाळीनंतर कोयते कारखान्यांकडे निघतात. तांड्यावरच्या चौघींचीही घरे जाणारी होती. हंगामी वसतिगृहाची सोय झाली असती तर त्या राहिल्या असत्या. ती झाली नाही. चौथीची आजी मागे घरी राहणार होती, पण आजीच आजारी, म्हणून चौथीही गेली.

हजेरीच्या वहीत गैरहजेरीचे कारण लिहायची सवय शिक्षकांनी आधीच लावली होती : पाणी, लहान भावंड, वेचणी, आजार. त्यामुळे चौघी जाणार हे दसऱ्याआधीच कागदावर दिसत होते, आणि आठवीतल्या चार मुली सरावात घेता आल्या. ज्या शाळा हे पाहत नाहीत त्यांचा संघ नोव्हेंबरात अचानक आठजणींचा होतो आणि मग वर्षभर मैदान ओस पडते.

आठवीच्या मुलींना बसण्याची बैठक शिकवली ती पुढचीने. जाण्याआधी चौथीने तिच्या जागेवर येणाऱ्या मुलीला तीन दिवस दाखवले : चौथ्या चौकोनातून खांबाकडचे काय दिसते, काय दिसत नाही, कुणाचा आवाज कसा येतो. हे कुणी सांगितले नव्हते. सरावानंतर दोघी चौकोनात बसून होत्या, आणि बाकीच्या घरी निघाल्या तरी उठल्या नव्हत्या.

एप्रिलच्या शेवटी तिघी परतल्या. उरलेल्या एकीला घरच्यांनी धाकट्या भावाला सांभाळायला घरीच ठेवले, ती नववीनंतर शाळेत आली नाही. मुली तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या, शिक्षकही गेले, उपयोग झाला नाही. परतलेल्यांत चौथी होती. पाच महिने तिने मोळ्या बांधल्या होत्या, पाय जड झाले होते. पहिल्याच पाळीत ती तीनदा आधी उठली. दोन पाट्या समोरासमोर होत्या, एक आठवीतल्या मुलीकडे, एक पुढचीकडे. पाळी संपल्यावर दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या. दोन्हींवर चौथीच्या नावापुढे तीन रेघा होत्या. पुढचीच्या पाटीवर खाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात, एक ओळ जास्तीची होती : ‘दुसऱ्या वेळी खो उशिरा आला व्हता.’ दुसऱ्या पाळीसाठी चिठ्ठ्या काढल्या, आठवीतली एकजण फक्कीचा डबा घेऊन पुसलेले चौकोन पुन्हा आखायला निघाली.